पंप कुणाचा?

वहिनींना स्वतःचं एक नाव होतं, पण ते वापरात नव्हतं. धाकट्या दिराच्या त्या वहिनी, म्हणून गॅरेजमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांच्याही वहिनी आणि सुट्या भागांच्या दुकानदाराच्याही वहिनी. परवा एक गृहस्थ काठी टेकत आले, वहिनींच्या वडिलांच्या वयाचे. तेही म्हणाले, "वहिनी, झाली का गाडी?" नवरा तेवढा "अगं" म्हणायचा. "अगं" ऐकलं की नवरा, "वहिनी" ऐकलं की बाकीचं जग, एवढी ओळख त्यांना पुरत होती.

गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट शेड, आणि मागे राहायच्या तीन खोल्या. शेडच्या मधोमध, पुढून मागेपर्यंत, माणसाच्या उंचीचा पत्रा उभा केलेला होता. पत्र्याच्या उजवीकडे थोरला, म्हणजे वहिनींचा नवरा. डावीकडे धाकटा, म्हणजे दीर. सख्खे भाऊ, दोघांची चाल एक, आवाज एक, खोकणंसुद्धा एक, आणि दोघांत विस्तवही आडवा जात नव्हता. धाकट्याने लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे जेवायला दोघे एकाच स्वयंपाकघरात यायचे. एक उठून गेल्याशिवाय दुसरा यायचा नाही. वहिनी तीच भाजी दोनदा गरम करायच्या.

पत्रा रस्त्याच्या बाजूला जिथे संपत होता तिथे वहिनींचं टेबल होतं. आलेली गाडी कुठल्या बाजूला ढकलायची ते त्या सांगायच्या. आणि एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला पोचवायचं कामही त्यांचंच. पोचवायचं, असं आपलं म्हणायचं. खरं तर ते बोलणं त्या वाटेत धुऊन, पिळून, इस्त्री करून द्यायच्या.

थोरला म्हणायचा, "त्या शहाण्याला सांग, वायर जोडताना डोळे उघडे ठेवत जा." वहिनी टेबलाला वळसा घालून पलीकडे जायच्या. "भावोजी, हे म्हणत होते, तुमच्यासारखं वायरिंग या भागात कुणाला जमत नाही. तेवढी लाल वायर एकदा बघून घ्या." धाकटा खुशीत लाल वायर बघायचा आणि म्हणायचा, "दादाला सांगा, तू इंजिन उघडतोस की आंघोळ करतोस? सगळं तेल माझ्या बाजूला आलंय." वहिनी इकडे येऊन नवऱ्याला सांगायच्या, "भावोजी विचारत होते, एवढं बारीक काम तुम्ही चष्म्याशिवाय करता तरी कसं! जरा तेल पलीकडे गेलंय, तेवढं पुसून घ्या."

आता पत्र्यातून काय ऐकू येत नाही? पण शेडमध्ये हवा भरायचा कंप्रेसर होता, आणि त्याचं बटण वहिनींच्या टेबलापाशी होतं. कुणाचा आवाज चढला की कंप्रेसर घरघरायला लागायचा. हवा भरायला एकही चाक नसताना तो का चालू होतो, असा प्रश्न दोघा भावांना कधी पडला नाही. भांडणाऱ्या माणसाला आपल्या आवाजापुढे दुसरं काही ऐकू येत नाही, हे वहिनींच्या पथ्यावर पडलं होतं.

भांडणाचं मूळ ऐकाल तर हसाल. एकदा एक गाडी आली. सेल्फ मारला की इंजिन खर्र खर्र फिरायचं, पण चालू व्हायचं नाही. थोरला म्हणाला करंटचा दोष, धाकटा म्हणाला तेलाचा. दोघांनी मिळून अर्धं इंजिन उतरवलं, आणि त्या भरात एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या. त्या एकच होत्या हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. संध्याकाळी मालक आला. त्याने आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "टाकीत पेट्रोल आहे ना?" काटा तळाला टेकला होता. तेल बघणं कुणाचं काम, काटा बघणं कुणाचं काम, यावरून मग जे पेटलं ते विझलंच नाही. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी वैतागून वाटणी करून दिली. "ज्यातून तेल वाहतं ते थोरल्याचं, ज्यातून करंट वाहतो ते धाकट्याचं. आता माझं डोकं खाऊ नका." पत्रा उभा राहिला. पुढे सासूबाई गेल्या, पत्रा राहिला.

वाटणी चांगली होती, पण एका जागी घोडं पेंड खात होतं. ती जागा म्हणजे टाकीतला पंप. पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे ढकलणारी ही एवढीशी मोटर बसते पेट्रोलमध्ये आणि चालते विजेवर. थोरला म्हणायचा, विजेवर चालते ना, मग त्याची. धाकटा म्हणायचा, तेलात बुडाली आहे ना, मग दादाची. पत्रा उभा राहिल्यापासून त्या शेडमध्ये एकही पंप बदलला गेला नव्हता. तसली गाडी आली की वहिनी टेबलावरूनच सांगायच्या, "आज दोघेही बाहेर गेलेत हो, पुढच्या चौकातल्या गॅरेजमध्ये न्या." त्या वेळी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना दोन गाड्यांखालून दोन जोड पाय दिसत असायचे. गिऱ्हाईक त्या पायांकडे बघायचं, मग वहिनींच्या चेहऱ्याकडे बघायचं, आणि मुकाट्याने गाडी ढकलत पुढे जायचं.

लोक म्हणायचे, "वहिनी, हे दोघे एकदा बोलायला लागले म्हणजे तुम्ही सुटलात." वहिनी मान डोलवायच्या. पण मनातून त्यांना त्याच दिवसाची धास्ती होती. दोघे समोरासमोर बसून जुनं उगाळायला लागले तर पहिल्या पाच वाक्यांत वहिनींचं बिंग फुटणार होतं. एवढ्या वर्षांचा मायेचा सगळा माल त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातला होता. कधी कधी रात्री कूस बदलताना त्यांना वाटायचं, पत्रा त्या दोघांनी उभा केला खरा, पण त्याला टेकू आपणच देतोय.

पन्नाशी ओलांडल्यावर वहिनींनी गाडी शिकायचं काढलं. सगळा जन्म गाड्यांमध्ये गेला, आणि त्यातली एकही आपण म्हणू तिकडे नेता आली नाही, ही गोष्ट त्यांना आत कुठेतरी लागली होती. चालायचं ते टेबलाभोवती, इकडून तिकडे, दुसऱ्याचं बोलणं घेऊन. एकदा तरी आपण बसावं, किल्ली फिरवावी आणि कुणाचं काहीही न घेता निघावं, एवढीच इच्छा होती. ती त्यांनी बोलून दाखवली तेव्हा दोघे भाऊ आपापल्या बाजूला हसले, आणि मग दोघांनीही शिकवलं. क्लच, ब्रेक आणि गिअर थोरल्याने शिकवले. दिवे, हॉर्न आणि वायपर धाकट्याने शिकवले. घरच्या जुन्या गाडीच्या स्टिअरिंगमधून तेलही वाहत नव्हतं आणि करंटही नाही, त्यामुळे ते वहिनी आपलं आपण शिकल्या.

परीक्षेची तारीख दोनदा टळली होती. एकदा नवऱ्याला ताप आला आणि एकदा दिराने बोट चिरून घेतलं. आज टळून चालणार नव्हतं, कारण शिकाऊ परवान्याची मुदत आज संपत होती. आज चुकलं की पुन्हा पहिल्यापासून रांग, पुन्हा डोळे तपासणं, पुन्हा त्या खिडकीतल्या बाईंचं "या वयात?" हे विचारणं. वहिनींना पक्कं ठाऊक होतं, पुन्हा आपल्या हातून हे धाडस होणार नाही. सकाळी लवकर स्वयंपाक उरकून, केस घट्ट बांधून त्या गाडीत बसल्या आणि किल्ली फिरवली.

खर्र खर्र खर्र. इंजिन फिरलं, चालू झालं नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा खर्र खर्र. पत्र्याच्या दोन्ही बाजूंचे आवाज एकदम थांबले. ही खरखर त्या घरात सगळ्यांच्या चांगली ओळखीची होती.

आधी थोरला आला. बॉनेट उघडून त्याने इंजिनाकडे येणारी पेट्रोलची नळी सोडली. "फिरव." वहिनींनी किल्ली फिरवली. नळीतून थेंब आला नाही. त्याने काटा बघितला; या बाबतीत त्याने कानाला खडा लावला होता. टाकी अर्धी भरलेली होती. "तेल आहे, पण पुढे येत नाही. पंप फिरत नाही," तो म्हणाला आणि हात पुसले. "त्याला सांग. करंटचं काम आहे."

थोरला बाजूला झाल्यावर धाकटा आला. त्याने प्लग काढून ठिणगी पाहिली; ठिणगी निळी आणि सणसणीत होती. मग मागची सीट उचलून, पंपाला जाणाऱ्या वायरला त्याने टेस्टरचा दिवा लावला. "फिरवा, वहिनी." दिवा लागला. "करंट टाकीच्या तोंडापर्यंत जातोय. आत काय आहे ते मला माहीत नाही. टाकी दादाची. त्याला सांगा."

दोघे आपापल्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि वहिनींकडे बघू लागले. चौकातल्या गॅरेजपर्यंत गाडी ढकलून न्यायला वेळ नव्हता. गिऱ्हाइकाची गाडी मागावी तर ज्या गाडीवर हात बसला ती सोडून दुसरीचा क्लच वहिनींना उमगत नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्या आरशात बघू लागल्या.

थोरल्याने उगाच घसा खाकरला. "एक होऊ शकतं," तो वहिनींना म्हणाला. "पंप नुसता अडकला असेल, तर सेल्फ लागत असताना वरून हातोडीने ठोकला की सुटेल. पण नेमका त्याच वेळी त्याला करंट मिळायला हवा. नाहीतर ठोकून ठोकून टाकी फुटायची. वायर धरायला माणूस पाहिजे. त्याला सांग."

"दादाला सांगा, धरतो," धाकटा तिथूनच म्हणाला. "पण मी दिवा बघून 'हो' म्हणेन तेव्हाच ठोक म्हणावं. आधी नाही."

मग गाडीच्या मागच्या दोन दारांतून दोन भाऊ आत वाकले. एकाच्या हातात रबरी हातोडी, दुसऱ्याच्या हातात टेस्टर. उचललेल्या सीटखाली दोघांची डोकी एकमेकांना जवळजवळ टेकली. किल्लीपाशी वहिनी.

"तयार आहे का विचार त्याला," थोरला म्हणाला.

वहिनी गप्प.

"अगं, विचार ना."

"वहिनी, दादाला सांगा, मी तयार आहे," धाकटा म्हणाला.

वहिनींनी मिठाची गुळणी धरली होती. आत्ता तोंड उघडलं की पुन्हा जन्मभर टेबलाभोवती फेऱ्या, आणि नाही उघडलं तर आज ना उद्या बिंग फुटणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोरच्या भिंतीवरच्या जुन्या टायरकडे बघत राहिल्या. मग, कुणी न सांगता, त्यांनी किल्ली फिरवली.

खर्र खर्र खर्र. मागे दिवा लागला असणार. धाकट्याने वहिनींच्या पाठीकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. बॅटरी दमत चालली होती, खरखर मंदावली. आणि मग तो भावाच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडला, "अरे ठोक ना, बघत काय बसलायस!"

थोरल्याने ठोकलं. "जोरात ठोक!" "तू वायर नीट धर आधी, गाढवा!" "धरलीय! डोळे फुटले का तुझे?" "ओरडू नको!" आणि इंजिन धडधडत चालू झालं.

दोघे तसेच वाकून राहिले. इतक्या वर्षांनी भाऊ भावाशी बोलला होता, आणि बोलला तेही ठोक, गाढव आणि डोळे. वहिनींना हसू आवरेना.

"आता बंद करू नकोस," थोरला म्हणाला. "वाटेत बंद पडली तर पुन्हा ठोकावी लागेल. मी मागे बसतो."

"आणि वायर कोण धरणार? मीही येतो," धाकटा म्हणाला. हे त्याने वहिनींना नाही, सरळ दादाला सांगितलं.

वाटेत दोघे आधी पंपाबद्दलच बोलले. एकाने म्हटलं पंप जुना झाला, दुसऱ्याने म्हटलं पंप चांगला आहे पण टाकीत गाळ साचलाय. मग पंपावरून गाडी दुसऱ्या गाड्यांवर गेली, आणि तिथून जुन्या दिवसांवर. "अमक्या वेळी तू असं म्हणाला होतास," हे शब्द कानावर आले तशी वहिनींनी हॉर्न वाजवला. रस्त्यात कुणी नव्हतं. पुढे असं दोनचारदा झालं. गाडीत कंप्रेसर नव्हता, तेवढाच आधार.

परीक्षेच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. परीक्षक साहेबांनी दोघा भावांना फाटकापाशी उतरवलं. "उमेदवार आणि मी, बाकी कुणी नाही." थोरला हातोडी घेऊन उतरला, धाकटा टेस्टर घेऊन. साहेब बाजूला बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "इंजिन बंद करा. आता सुरू करून दाखवा."

वहिनींनी इंजिन बंद केलं. सुरू केलं. खर्र खर्र खर्र.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

वहिनींनी फाटकाकडे पाहिलं. दोघे भाऊ एकमेकांकडे तोंड करून हातवारे करत होते; इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वहिनी उतरल्या. मागचं दार उघडून त्यांनी सीट उचलली, पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि आतूनच म्हणाल्या, "साहेब, जरा तेवढी किल्ली फिरवता का?"

"मी?"

"मला मागे ठोकायचंय. एका माणसाचं काम नाही हे. मी 'लावा' म्हटलं की लावा."

साहेबांनी सगळ्या नोकरीत लोकांना लावा, थांबवा, वळवा असं सांगितलं होतं; त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण वहिनींचा आवाज ऐकून त्यांचा हात आपोआप किल्लीकडे गेला. "लावा!" वहिनी म्हणाल्या आणि चपलेने पंपावर असे रट्टे दिले की त्यात बऱ्याच वर्षांचं बरंच काही होतं. इंजिन चालू झालं. वहिनी चप्पल पायात घालून पुढे येऊन बसल्या, इशारा दिला, आरसा पाहिला आणि पांढऱ्या रेघांमधून गाडी पुढे, मागे आणि आठच्या आकड्यात अशी फिरवली की एकाही रेघेला चाक लागलं नाही.

"गाडी नापास," साहेब उतरताना म्हणाले. "तुम्ही पास."

वहिनींना ओरडावंसं वाटलं. गाडी चालू ठेवून त्या फाटकापाशी आल्या, काच खाली केली, आणि त्यांना दिसलं की दोघे भाऊ बोलायचे थांबलेत आणि त्यांच्याकडेच बघतायत. हातवारे कशाचे होते ते त्यांना कळलं.

"अगं," थोरला म्हणाला, "ह्याच्यासारखं वायरिंग या भागात कुणाला जमत नाही, असं मी कधी म्हणालो?"

"आणि मी कधी विचारलं," धाकटा म्हणाला, "की दादा चष्म्याशिवाय एवढं बारीक काम कसं करतो? त्याला धड नट दिसत नाही!"

"त्यामुळे मी इतकी वर्षं चष्मा केला नाही!" थोरला म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

वहिनींनी मान खाली घातली. मग वर केली. "हो," त्या म्हणाल्या. "माझंच सगळं. तुम्ही जे बोलत होतात ते जसंच्या तसं पोचवलं असतं, तर पत्र्याच्या जागी भिंत आली असती. मला एका घरात दोन चुली मांडायच्या नव्हत्या. म्हणून खोटं बोलले. रोज बोलले. आता काय करायचं ते करा."

थोरल्याने हातोडी या हातातून त्या हातात घेतली. धाकटा गाडीच्या खिडकीपाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "आई गेली त्या दिवशी तुम्ही पलीकडे येऊन सांगितलं होतंत. दादा म्हणाला, 'आईचं सगळं त्याने केलं, मी नुसता नावाला थोरला राहिलो.' ते ऐकलं म्हणून मी तेव्हा घर सोडून गेलो नाही. तेही..."

थोरला रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

वहिनींनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. "नाही भावोजी," त्या म्हणाल्या. "ते त्यांचं होतं. त्यात माझा एकही शब्द नाही. मी नुसतं आणून दिलं."

थोरला वळला नाही. पण त्याची मान हलली, होय म्हणून, आणि धाकट्याने ते पाहिलं. मग धाकट्याने जाऊन भावाच्या हातातली हातोडी काढून घेतली, आणि दोघे दोन दारांनी येऊन मागच्या सीटवर बसले.

वहिनींनी आरशात एकदा बघितलं आणि गिअर टाकला. घराचा रस्ता उजवीकडे होता. त्यांनी गाडी सरळ घेतली, आणि मागून कुणी काही म्हणालं नाही.